गुण कुठे कापले?

ऑगस्टमधल्या एका रविवारी कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या गोल्फ मैदानावर, अठराव्या होलच्या हिरवळीवर, समुद्राच्या कडेला दोनशेच्या आसपास जुन्या मोटारी ओळीने उभ्या राहतात. १९५० पासून हा सोहळा भरतो आहे आणि जगभरच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांना यापेक्षा मोठा मान ठाऊक नाही. २०२४ साली तिथला सर्वोच्च किताब एका काळ्या बुगाटीला मिळाला. १९३४ सालची टाइप ५९. शर्यतीसाठी बांधलेली, पुढे बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे गेलेली. काळ्या अंगावर पिवळा पट्टा, आणि वयाच्या सगळ्या खुणा जशाच्या तशा. कुणी ती खोलून, घासून, नव्याने रंगवून आणलेली नव्हती. आहे त्या अवस्थेत जपलेली गाडी तिथे सगळ्यांत पहिली यायला चौऱ्याहत्तर वर्षं लागली.

एवढ्या वर्षांत तिथले परीक्षक लबाड होते असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. तरीही गाड्यांची एक अख्खी जात त्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचू शकत नव्हती. पक्षपात म्हटलं की आपल्याला पाकीट आठवतं, वशिला आठवतो. मोटारींच्या स्पर्धांत पाकीट क्वचितच असतं. असते ती ओळखपाळख, सवयीची आवड, आणि 'चांगली गाडी म्हणजे काय' याबद्दलची एक समजूत, जी परीक्षक घरूनच बरोबर घेऊन येतो. मुंबई-पुण्याच्या रॅलींत निकालानंतर जी कुजबुज चालते ती ऐकत मी बराच काळ या विषयाभोवती फिरतो आहे. त्या कुजबुजीचं मूळ बहुतेक वेळा याच तीन गोष्टींत सापडतं.

आवड कशी बदलते ते पेबल बीचच्याच इतिहासात दिसतं. सुरुवातीच्या काळात तिथे पहिला मान नव्या कोऱ्या गाड्यांना जात असे. १९५५ साली फिल हिल या तरुण शर्यतपटूने १९३१ सालची पिअर्स-ॲरो आणली. गाडी त्याच्या मावशीची. त्याने आणि त्याच्या भावाने ती स्वतः दुरुस्त करून पूर्ववत केली होती. ती पहिली आली आणि वारं फिरलं. (हाच फिल हिल १९६१ मध्ये फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला.) घरच्या गाडीवर दोन भावांनी केलेल्या कामाचा तो गौरव होता. पुढे मात्र त्याच कामाचा धंदा झाला. एकेका गाडीवर कारागिरांची अख्खी फौज वर्षानुवर्षं राबू लागली. कारखान्यातून निघाली त्या दिवशीही जी इतकी चकाकली नसेल, अशी गाडी हिरवळीवर यायला लागली. नटबोल्ट आरशासारखे, इंजिनच्या तळाशीही बोटाला काळं लागायचं नाही. परीक्षकांचे डोळे या लखलखाटाला सरावले आणि मूळ रंगातली, थोडी थकलेली गाडी त्यांना 'अपुरी' दिसू लागली.

युद्धानंतरच्या गाड्यांचीही तीच गत. २०१४ मध्ये फेरारी ३७५ एमएम पहिली आली तेव्हा युद्धोत्तर गाडीला तो मान कित्येक दशकांनी मिळत होता आणि फेरारीला तर प्रथमच. ती गाडी मुळात रोबेर्तो रोझेलिनी या इटालियन दिग्दर्शकाची. १९५७ च्या सुमारास भारतात येऊन इथल्या आयुष्यावर चित्रपट काढणारा तोच. फेरारीची रूपं काही २०१४ साली सुंदर झाली नाहीत. ती सुंदरच होती. परीक्षकांच्या पिढीला ती तशी दिसायला वेळ लागला.

आता गुण देतात कसे ते पाहू, कारण न्याय-अन्यायाचा प्रश्न तिथेच अडकतो. पेबल बीचला दोन तऱ्हेचे परीक्षक असतात. एक गटवार परीक्षक. ते गाडीचा अस्सलपणा तपासतात, शंभरपैकी गुण देतात. दुसरे मानद परीक्षक. त्यांचं लक्ष रूप, घडण, डौल यांवर. एखाद्या गटात दोन गाड्यांची बरोबरी झाली, तर आधीच्या दिवसांतला रस्त्यावरचा फेरफटका ज्या गाडीने पूर्ण केला ती वर जाते. मला हा नियम फार आवडतो. ट्रकमधून आणून ट्रकमधूनच परत न्यायच्या गाडीपेक्षा रस्त्यावर चालणारी गाडी मोठी, हे त्यात स्पष्ट सांगितलं आहे. शेवटी गटांत पहिल्या आलेल्या गाड्यांमधून सर्वोच्च किताबासाठी परीक्षक गुप्त मतदान करतात. म्हणजे गटात गुण, आणि शिखरावर मत. शिखरावर आवडीनिवडीचा खेळ असतो हे तिथे कुणी लपवत नाही.

अमेरिकेतल्याच अँटिक ऑटोमोबाइल क्लबची रीत अगदी वेगळी. १९३५ साली स्थापन झालेल्या या क्लबात गाडीला गुण शेजारच्या गाडीकडे बघून देत नाहीत. डीलरने ग्राहकाच्या हाती किल्ली देताना ती कशी असेल, या एकाच मापाला ती लावतात. ४०० गुण धरून सुरुवात करायची आणि जिथे चूक दिसेल तिथे कापत जायचं. कोणत्या चुकीला जास्तीत जास्त किती कापायचे तेही ठरलेलं. पहिल्या श्रेणीसाठी किमान ३६५ लागतात. एकाच गटात एकाहून अधिक गाड्यांना पहिली श्रेणी मिळू शकते, आणि त्या मापात कुणीच बसलं नाही तर कुणालाच मिळत नाही. कारखान्याने दिली त्यापेक्षा जास्त चकाकी आणली म्हणून एक गुणही जादा नाही. आपल्याकडे २०२२ साली पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा पुण्यात केवढी चर्चा झाली! कुणी परीक्षकांना उर्मट म्हटलं, कुणी त्यांची पाठ थोपटली. पण एक गोष्ट साफ होती, त्या परीक्षकांनी जमलेल्या एकांकिकांपैकी बरी कोणती हे न शोधता आपल्या मापाला धरून निकाल दिला. मोटारींच्या क्लबात हे दर हंगामात होतं आणि कुणाला त्याचं वावगं वाटत नाही, कारण माप आधीच छापून हातात दिलेलं असतं.

१९७४ साली सुरू झालेली, कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स गाडीच्या शौकिनांची संघटना आणखी एक पाऊल पुढे गेली आहे. त्यांचे गुण ४५१०. चौऱ्याण्णव टक्क्यांवर गेलात तर सर्वांत वरची श्रेणी. परीक्षण चालू असताना मालक गाडीजवळ असतो, आणि काम संपल्यावर गुणपत्रिका त्याला दाखवली जाते. अमुक क्लिप चुकीची, तमुक पाइपचा रंग चुकला, इथे दोन गेले, तिथे पाच गेले. मालक वाद घालू शकतो, आपला कागद दाखवू शकतो. हरलेला माणूसही पुढच्या वर्षी काय करायचं त्याची यादी घेऊन घरी जातो.

आपल्याकडच्या रॅलीत मात्र मालक ढाल घेऊन किंवा रिकाम्या हाताने घरी जातो. यादी कुणालाच मिळत नाही.

एका शहरातल्या प्रदर्शनात पाहिलेली एक फियाट माझ्या लक्षात राहिली आहे. पन्नासच्या दशकातली, जिला मुंबईने प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हटलं ती. गोल पाठ, पुढच्या दारांची बिजागरं मागच्या बाजूला. मालक निवृत्त गृहस्थ, गाडी वडिलांची. परीक्षकांपैकी एकाने बोनेट उघडलं, दुसऱ्याने खाली वाकून टॉर्च मारला. वायरिंग कापडाच्या वेष्टणाचं होतं, जुन्या पद्धतीचं. मालकांनी ते मुद्दाम करवून घेतलं होतं. स्क्रू एका खाचेचे, फुलीचे नव्हते. होजपाइपच्या क्लिपासुद्धा त्या काळच्या, जुन्या बाजारात हिंडून जमवलेल्या. या गोष्टी ज्याला कळतात त्याला त्या माणसाच्या कष्टाचं मोल दोन मिनिटांत कळावं. परीक्षकांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढे गेले. पुढची गाडी एका बड्या संग्राहकाची, तीच कंपनी, जवळपास तोच काळ. तिच्यात रेडियल टायर होते, आतल्या बैठका चकचकीत नव्या कातड्याच्या, रंग असा की कुर्ल्याच्या कारखान्याने तो कधी मारलाच नसावा. तिथे ते बराच वेळ थांबले, संग्राहकाशी हसले-बोलले. संध्याकाळी त्याच गाडीचं नाव पुकारलं गेलं. फियाटच्या मालकांनी एका पदाधिकाऱ्याला शांतपणे विचारलं की आपले गुण कुठे कापले ते कळेल का. त्यांना चहा विचारण्यात आला.

त्या निकालात कुणी पैसे घेतले असं मला मुळीच वाटत नाही. बड्या संग्राहकाच्या आणखी चार गाड्या त्या दिवशी मैदानात होत्या. त्याने गाड्या पाठवल्या नसत्या तर प्रदर्शनाला निम्मी शोभा आली नसती. परीक्षकांतल्या एकाचं गॅरेज होतं आणि संग्राहकाच्या गाड्यांचं काम त्याच गॅरेजात होत असे. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुणी उच्चारलं नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? खाल्ल्या मिठाला जागण्याची आपली वृत्ती एरवी सद्गुण आहे. परीक्षकाच्या टोपीखाली ती आली की तिचा त्रास होतो, आणि तो ज्याला होतो त्याला आवाज नसतो.

याची दुसरी बाजूही खरी आहे. जुन्या मोटारीचं परीक्षण येरागबाळ्याचं काम नाही. कोणत्या साली रेडिएटरची जाळी बदलली, कोणत्या मॉडेलला डायनॅमो होता आणि कोणत्याला अल्टरनेटर, हे ज्याला कळतं तो माणूस या धंद्यातलाच असणार. एकतर स्वतः संग्राहक, नाहीतर गॅरेजवाला, नाहीतर खरेदी-विक्रीतला. परदेशातही हेच. मॉन्टेरीच्या परिसरात पेबल बीचच्याच आठवड्यात मोठमोठे लिलाव होतात, आणि गटात पहिली आलेली गाडी पुढे विकायला निघाली की तो किताब कॅटलॉगात आवर्जून छापला जातो. किताबाला बाजारभाव आहे. म्हणून परीक्षकाने तटस्थ असावं म्हणजे त्याची कुणाशी ओळखच नसावी, असा हट्ट धरला तर परीक्षकच मिळणार नाहीत. नातं असणारच. ते उघड सांगायचं, आणि त्या गटापुरतं बाजूला व्हायचं. आपण रंगवलेली, आपण विकलेली, आपण विकत घ्यायच्या विचारात असलेली गाडी ज्या गटात असेल तिथे हातात पेन्सिल धरायची नाही. एवढं पाळायला खर्च लागत नाही.

परीक्षक एकदा बाजूला झाला तरी माप कुठलं हा प्रश्न उरतोच, आणि भारतात तो अमेरिकेहून अवघड आहे. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने यायचे, गाडी इथे उभी राहायची. अशा शेवरोलेला डेट्रॉइटच्या कॅटलॉगाचं माप लावायचं की शिवडीचं? शिवडीचं कॅटलॉग कुणाकडे आहे? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाटचंही तसंच. सुरुवातीला भाग इटलीहून येत, हळूहळू ते इथे बनू लागले. सत्तरच्या दशकातल्या प्रीमियर पद्मिनीत बंगळुरूच्या मायकोचे प्लग आणि मद्रासच्या लुकास-टीव्हीएसचं विजेचं सामान, हेच अस्सल. एखाद्या हौशी मालकाने परदेशातून इटालियन भाग मागवून पद्मिनीत बसवले तर गाडी महाग होईल, देखणी होईल, पण ती कुर्ल्याची उरणार नाही. अशा गाडीचे गुण कापणारे परीक्षक मला अजून फार भेटले नाहीत. उलट 'इम्पोर्टेड' म्हटलं की कान टवकारतात. हाही पक्षपातच. फक्त तो माणसाबद्दल नसून देशी कारखान्यातल्या फिटरच्या कामाबद्दल आहे. आपल्या शिवडी-कुर्ल्याच्या गाड्यांचं माप आपणच लिहून काढायला हवं. कारखान्यात काम केलेली माणसं वयाने थकत चालली आहेत. त्यांच्याकडून हे ऐकून घ्यायला आत्ताच बसलं पाहिजे.

संस्थानी गाड्यांची गोष्ट निराळी. शारदा द्विवेदी आणि मानवेंद्रसिंह बडवानी यांनी २००३ साली राजेरजवाड्यांच्या मोटारींवर इंग्रजीत मोठा ग्रंथ केला, तेव्हापासून या गाड्यांबद्दल पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं. राजकोटच्या ठाकूरसाहेबांची १९३४ ची रोल्स-रॉईस 'स्टार ऑफ इंडिया' परदेशी गेली आणि पुन्हा घराण्याकडे परत आली. असा वंशवृक्ष समोर आला की परीक्षकाचा हात आपोआप वर जातो. इतिहासाला गुण जरूर द्यावेत, पण त्यासाठी गुणपत्रिकेत वेगळा रकाना असावा. नाहीतर रंगाच्या रकान्यात राजघराण्याचे गुण पडतात. कोल्हापूरला दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा लोक तिचं क्रोम बघत नाहीत. आपल्या कामावर आजही निघणाऱ्या त्या गाडीला कुठल्याही परीक्षकाच्या कागदावर जागा सापडणार नाही, आणि तिला त्याची गरजही नाही.

निकालांत गुप्तता ठेवली की परीक्षक निर्भय होतो, असं आयोजक नेहमी सांगतात. फिगर स्केटिंगवाल्यांनीही हेच मानलं होतं. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत एका फ्रेंच परीक्षिकेवर दबाव आल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि शेवटी कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्णपदक द्यावं लागलं. त्यानंतर गुणपद्धत बदलली आणि कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले हे झाकून ठेवण्यात आलं. एरिक झिट्झेविट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने आकडे तपासले, तेव्हा आपल्या देशाच्या खेळाडूला झुकतं माप देण्याची खोड कमी झालेली नव्हती, वाढलेली होती. झाकणाखाली दबावही लपला आणि पक्षपातही. २०१६ साली जागतिक संघटनेने ते झाकण काढून टाकलं. गुप्ततेचं समर्थन करणाऱ्या प्रत्येक आयोजकासमोर मी हे उदाहरण ठेवतो.

मनाचे काही खेळ मात्र नाव छापूनही थांबत नाहीत. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेत पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता कमी असते असं दोन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, आणि तिथे वाजवायचा क्रम तर चिठ्ठ्या टाकून ठरतो. गाड्यांच्या मैदानात सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारचं डोक्यावरचं ऊन यांत रंग वेगळा दिसतो, परीक्षकाचा उत्साहही वेगळा असतो. क्रम चिठ्ठीने ठरवावा आणि ओळीच्या दोन्ही टोकांकडून दोन वेगळ्या तुकड्या निघाव्यात. सगळ्याच गोष्टींवर उपाय नसतो, पण या एका गोष्टीवर आहे.

सौंदर्याचं काय, असं कुणी विचारेल. डौल मोजायची पट्टी नाही हे मान्य. इटलीत कोमो सरोवराकाठी १९२९ साली सुरू झालेल्या व्हिला देस्तेच्या सोहळ्यात ज्यूरीचा किताब वेगळा आणि जमलेल्या लोकांच्या मताने दिला जाणारा सुवर्णचषक वेगळा. दोघांचा कौल एकाच गाडीला असेल असं नाही. लोकांना जी आवडली ती त्यांची, जाणकारांना जी पटली ती त्यांची. आपल्याकडे एकाच ढालीत अस्सलपणा, रूप, मालकाची पगडी-शेरवानी आणि आयोजकांची मर्जी हे सगळं कोंबलं जातं, मग कशाला किती वजन होतं ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. पोशाखाचं बक्षीस हौसेने द्यावं, त्याने पोरंबाळं खूश होतात. फक्त ते बैठकीच्या रेक्झिनच्या गुणांत मिसळू नये.

हे सगळं आता रविवारच्या हौसेपुरतं राहिलेलं नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने पन्नास वर्षांपुढच्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. नव्या नोंदणीला नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं आणि २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढच्या नोंदणीला ५,०००. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावं आणि त्यात मोठा फेरफार झालेला नसावा. ते तसं आहे की नाही हे नोंदणी करणारं कार्यालय ठरवणार. पद्मिनी हे नाव १९७४ च्या सुमारास आलं, म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनीही आता त्या वयात बसतात. मुंबई-पुण्यात, कोल्हापूर-नागपुरात त्या अजून घरोघरच्या गॅरेजांत आणि चाळींच्या मागच्या बोळांत उभ्या आहेत. त्यांच्या मालकांना नोंदणीसाठी उभं राहताना 'मूळ स्वरूप' सिद्ध करावं लागेल. जाणकाराने सही करून दिलेली, कुठे काय अस्सल आणि कुठे काय बदललं ते रकान्यागणिक लिहिलेली गुणपत्रिका त्यांच्या हातात असती तर यापेक्षा चांगला पुरावा दुसरा नव्हता. ते कागद दर हंगामात आपल्याच मैदानांवर लिहिले जातात, आणि बक्षीस समारंभ आटोपला की खुर्च्यांबरोबर आवरले जातात.